कमी भांडवलात घरगुती रेकॉर्डिंग : आधी खोली सुधारा, मग माईक घ्या

आवाज मुद्रित करणे हे एकेकाळी बड्या कंपन्यांचे काम होते. भारतात तबकड्यांसाठीचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी हॉटेलच्या खोल्यांत तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. 1980 च्या दशकात कॅसेटचा जमाना आला आणि नात, कव्वाली, लोकगीते काढणाऱ्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या. आता संगणक आणि मोबाईलमुळे हेच काम राहत्या घरातल्या एका खोलीत होऊ शकते.

ही सोय पाहून आपले अनेक तरुण या धंद्याकडे वळत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु बहुतेकांचे पहिले पाऊल चुकते. घरातून किंवा हप्त्यावर पैसे उभे करून ते महागडा माईक आणतात आणि उघड्याबोडक्या खोलीत ठेवतात. मग नातखाँचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि मागे पंखा घरघरत असतो. गिऱ्हाईक एकदा येते, पुन्हा येत नाही. दोष माईकचा नसतो, खोलीचा असतो. आणि खोली सुधारण्याचे हुन्नर आपल्याच मोहल्ल्यातल्या कारागिरांच्या हातात आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

जवाहरनगर आणि परिसरात काम कोठे आहे?

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरची ओळख आयुध निर्माणीमुळे आहे. 1960 च्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना 1 ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. परंतु प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाला कारखान्यात नोकरी मिळत नाही. त्यामुळे थोड्या भांडवलात घरबसल्या होणाऱ्या कामाचा विचार करणे भाग आहे.

या भागात आवाजाच्या कामाला गिऱ्हाईक आहे. कापड दुकान, जोड्यांचे दुकान, फर्निचरवाला यांना ईदच्या, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत जाहिरात हवी असते. भाजी, भंगार किंवा गादी-दुरुस्तीची गाडी फिरवणाऱ्याला भोंग्यावर लावायची हाक हवी असते. मदरशाला किराअत आणि तकरीर जपून ठेवायची असते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा हंगामात प्रचाराच्या गाडीवर लावायच्या घोषणा लागतात.

नागपूर येथून फार लांब नाही आणि तेथे चांगले स्टुडिओ आहेत. त्यांच्याशी यंत्रसामग्रीत स्पर्धा करण्याचा विचारही करू नये. आपली जमेची बाजू वेगळी आहे. झाडीबोलीतली बोलण्याची ढब आपल्याला येते, दुकानदाराची गल्ली आपल्याला ठाऊक असते आणि दोन ओळी बदलायच्या झाल्या तर तो पायी चालत येऊ शकतो. मात्र आवाज स्वच्छ नसेल तर ही जवळीक कामाला येत नाही.

कुर्ला आणि मालेगावचा धडा

साधने तुटपुंजी असली तरी काम होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या कुर्ला भागातील नावेद शेख हा तरुण नेझी या नावाने ओळखला जातो. 2014 मध्ये त्याचे ‘आफत!’ हे गाणे आले. स्टुडिओ नव्हता. घरातला आयपॅड आणि साधा माईक यांवर त्याने ते मुद्रित केले आणि चित्रणही त्याच आयपॅडवर केले. पुढे 2019 मध्ये आलेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटाला ज्यांच्या जीवनावरून प्रेरणा मिळाली, त्यांत तो एक होता. रॅप हा प्रकार कोणाला पटो न पटो, साधनांचा धडा घेण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण मालेगावचे. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनी 2000 साली गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नव्हती तर सायकल वापरली. हाताशी जे आहे त्यातून यंत्राची गरज भागवणे ही कारागिराची वृत्ती आहे. रेकॉर्डिंगच्या खोलीतही तीच वृत्ती उपयोगी पडते.

आवाज बिघडतो कोठे?

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळेच्या मोकळ्या घागरीत तोंड घालून बोलले तर आवाज घुमतो. तीच घागर कापसाने भरली तर घुमणे बंद होते. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि स्लॅब असलेली रिकामी खोली ही मोठी घागरच होय. तोंडातून निघालेला आवाज सरळ माईककडे जातो. तोच आवाज भिंतींवर आपटून किंचित उशिराने पुन्हा माईकमध्ये शिरतो. या दोन्हींची सरमिसळ झाली की शब्द पुसट होतात. एकदा मुद्रित झालेला हा घुमारा नंतर पूर्णपणे काढता येत नाही.

आपल्या लोकांसाठी ही बाब अधिक महत्त्वाची आहे. सिनेमाच्या गाण्यात ढोलक आणि बाजा मोठा असतो, त्याखाली खोलीचे दोष झाकले जातात. नात किंवा किराअत बिनवाद्याची असते. तेथे केवळ गळा असतो, झाकायला काही नसते. वाद्यांच्या बाबतीत प्रत्येकाने आपल्या उलेमांचा सल्ला घ्यावा. परंतु बिनवाद्याचे काम करणाऱ्याला खोली चांगली ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

परीक्षा सोपी आहे. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले तर खोली तयार नाही. मग एक रजई आणि दोन गाद्या उभ्या करून पुन्हा टाळी वाजवावी. फरक आपोआप कळेल.

पिंजारी, सुतार आणि शिंपी यांचे काम

आवाज शोषण्यासाठी शहरात तयार फोमचे तुकडे मिळतात. ते पातळ असतात आणि फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज शोषतात. पुरुषी गळ्याचा भारदस्तपणा ज्या जाड आवाजात असतो, तो त्यांना आवरत नाही. मग आवाज बोजड आणि कोंदट होतो. अंड्यांचे पुठ्ठे लावण्याची पद्धत तर निव्वळ निरुपयोगी आहे. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही आणि आग लागण्याची भीती वाढते.

याउलट चांगला पिंजलेला कापूस आवाज उत्तम शोषतो. म्हणून पिंजारी (मन्सुरी) बांधव हे या कामाचे खरे मिस्त्री आहेत. सुताराकडून दोन फूट रुंद, चार फूट उंच आणि चार इंच खोल अशा लाकडी चौकटी करून घ्याव्यात. साधी पट्टी चालते, पॉलिशची गरज नाही. त्यात पिंजारी बांधवाकडून कापूस सारखा भरून, गादीसारखे टाके घालून घ्यावेत, म्हणजे तो खाली बसणार नाही. घरातल्या तीन बाय सहा फुटांच्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजला तर अशा चार चौकटी भरतात.

वरचे कापड निवडताना एक कसोटी लावावी. कापड तोंडाजवळ धरून फुंकर घालावी. फुंकर आरपार गेली तर आवाजही आत जाईल. मांजरपाट उत्तम. रेक्झिन किंवा प्लास्टिक लावले तर आवाज वरूनच परत फिरेल आणि आतला कापूस वाया जाईल.

चौकट भिंतीला अगदी चिकटवू नये. भिंतीपासून चार इंच पुढे ठेवावी. मागे मोकळी हवा राहिली तर तोच कापूस अधिक जाड आवाजही शोषतो. चार बोटांच्या या अंतराला एक पैसाही लागत नाही. भाड्याच्या घरात किंवा क्वार्टरमध्ये भिंतीला खिळे ठोकण्याची मुभा नसते, म्हणून चौकटींना खाली आडवे पाय लावून घ्यावेत. काम झाले की त्या पलंगामागे सरकवता येतात.

सर्व भिंती मढवण्याची आवश्यकता नाही. गाणारा माईककडे तोंड करून उभा राहतो आणि माईक त्याच्याकडे पाहतो. म्हणजेच माईकला गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत सर्वांत जास्त ऐकू येते. त्यामुळे पहिल्या दोन चौकटी गाणाऱ्याच्या पाठीमागे कोन करून ठेवाव्यात, उरलेल्या दोन डाव्या-उजव्या बाजूला. खाली जाड सतरंजी अंथरावी. कापूस पेट घेतो, हे ध्यानात ठेवून या चौकटी प्लग, उघडी वायर आणि दिवा यांपासून दूर ठेवाव्यात. खोलीत विडी-सिगारेट किंवा अगरबत्ती नको.

बाहेरचा गोंगाट

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कापसाच्या चौकटी खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरचा ट्रक थांबवत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. दाराखालची बोटभर फट सगळी मेहनत वाया घालवते. जाड रबरी पट्टी लावून दार-खिडकीच्या फटी बंद कराव्यात. खर्च थोडा, लाभ मोठा. शक्य असल्यास रस्त्याकडची खोली न घेता मागची घ्यावी. जवाहरनगर नागपूर-भंडारा महामार्गावर आहे आणि तेथे रहदारी रात्रीही सुरू असते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद ठेवून दुपारी काम करणे माणसाच्या ताकदीबाहेरचे आहे. त्यावर उपाय वेळेचा आहे. फजरच्या नमाजनंतरचे दोन तास या कामासाठी राखून ठेवावेत. हवा थंड असते, मोहल्ला शांत असतो आणि गळाही ताजा असतो. पंखा आणि फ्रीज तेवढ्यापुरते बंद करावेत. फ्रीज पुन्हा सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून दुचाकीची किल्ली फ्रीजवरच ठेवावी.

माईक कोणता घ्यावा?

माईकचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. कंडेन्सर माईक अतिशय नाजूक आवाज टिपतो. त्याला 48 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो गळा चांगला टिपतो, तसाच शेजारच्या घरातला कुकरही टिपतो. डायनॅमिक माईक जवळचा आवाज घेतो आणि लांबच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष करतो. खोली शांत नसेल तर डायनॅमिक माईकच घ्यावा. शुअर कंपनीचा एसएम 58 हा डायनॅमिक माईक 1966 पासून बाजारात आहे आणि आजही जगभर वापरला जातो. तो परवडत नसेल तर त्याच धर्तीचा स्वस्त माईक चालेल. मात्र नकली मालापासून सावध राहावे आणि बिल घेऊनच खरेदी करावी.

माईक आणि संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची लहान पेटी लागते. संगणकाच्या साध्या छिद्रात थेट माईक खुपसला की खरखर येते, ती या पेटीने टळते. एका माईकसाठी सर्वांत लहान पेटी पुरेशी आहे. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्याची गरज नाही आणि ते वापरणे योग्यही नाही.

ज्याच्याकडे यापैकी काहीच नाही, त्याने मोबाईलवर सुरुवात करावी. विमान-मोड लावून फोन कापसाच्या चौकटींच्या मध्ये, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. नागड्या खोलीत महागड्या माईकवर केलेल्या कामापेक्षा हे काम पुष्कळदा सरस ठरते.

मुद्रण करताना

पहिली गोष्ट अंतर. माईक तोंडापासून एक वीत ठेवावा. हे अंतर निम्मे केले तर सरळ येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. मात्र चार बोटांपेक्षा जवळ गेल्यास आवाज फुगतो आणि बोजड होतो.

दुसरी गोष्ट फुंकर. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून वारा निघतो आणि माईकमध्ये धप्प असा आवाज होतो. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये पातळ नायलॉनचे कापड ताणून बसवावे आणि ते माईकच्या चार बोटे पुढे लावावे. शिंप्याकडे हे पाच मिनिटांचे काम आहे. माईक तोंडासमोर अगदी सरळ न ठेवता किंचित तिरपा ठेवल्यानेही फरक पडतो.

तिसरी गोष्ट पातळी. सॉफ्टवेअरमधील काटा सर्वांत उंच आवाजालाही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. नातखाँ तारसप्तकात जाताना आवाज फुटला तर तो दुरुस्त होत नाही. कमी पातळीचा आवाज मात्र नंतर वाढवता येतो. मुद्रण 24 बिटमध्ये करावे.

चौथी गोष्ट घरघर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. अर्थिंग नीट नसेल तर त्याच पट्टीतली घरघर मुद्रणात येते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि माईकची वायर विजेच्या वायरीपासून दूर ठेवावी.

गिऱ्हाईक पुष्कळदा भरपूर ‘ईको’ मागते. तो द्यावा, पण मुद्रण कोरडे करून नंतर द्यावा. कोरड्या आवाजात घुमारा घालता येतो; घुमणारा आवाज कोरडा करता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी आवाज साफ करण्याची साधनेही आता मिळतात. जाहिरातीला ती थोड्या प्रमाणात वापरावीत. किराअतीला वापरू नयेत. तेथे दोन जवळच्या अक्षरांतला बारीक भेद हाच महत्त्वाचा असतो आणि अशी साधने नेमका तोच भेद पुसून टाकू शकतात.

काम भोंग्यावर वाजणार असेल तर ते हेडफोनवर ऐकून गिऱ्हाइकाला देऊ नये. भोंगा जाड आवाज जवळजवळ वाजवतच नाही. म्हणून जाड भाग कमी करावा, शब्द सावकाश घ्यावेत, दुकानाचे नाव दोनदा यावे आणि एकदा प्रत्यक्ष भोंग्यावर वाजवून पाहावे.

वीस हजारांची आखणी

घरात संगणक आहे असे धरून 20 हजार रुपयांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून हे आकडे केवळ मार्गदर्शनासाठी आहेत.

चार चौकटी, सतरंजी, दार-खिडकीच्या पट्ट्या : 5,000
ऑडिओ इंटरफेस : 5,000
डायनॅमिक माईक : 3,500
बंद कानाचा हेडफोन : 2,500
स्टँड, वायर, रिंग, अर्थिंग दुरुस्ती : 2,000
कामाच्या प्रती ठेवण्यासाठी साठवण आणि किरकोळ : 2,000

पहिले 5,000 खोलीला दिले आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. पुढे धंदा वाढल्यावर माईक बदलता येतो; खोली तीच कामाला येते. या धंद्यासाठी व्याजी कर्ज काढून नव्या हप्त्यांच्या फेऱ्यात पडू नये. नातलगाकडून कर्ज-ए-हसना मिळाल्यास उत्तम. नाहीतर मुदारबतचा मार्ग आहे : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याची वाटणी आधी ठरलेल्या प्रमाणात. हलगर्जी नसताना तोटा झाला तर भांडवलाचा तोटा भांडवलदाराचा आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली. करार लेखी आणि साक्षीदारांसमोर करावा. उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आणि विनामूल्य होते. तीही करून घ्यावी.

कायदा आणि अमानत

सिनेमाच्या चालीवर नात किंवा जाहिरात करून देण्याची मागणी वारंवार येते. गाणे दुसऱ्याच्या मालकीचे असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याची परवानगी लागते. यूट्यूबवर अशी चाल आपोआप ओळखली जाते आणि कमाई मूळ मालकाकडे वळू शकते. गावातल्या शायराकडून नवे शब्द आणि साधी नवी चाल करून घेणे हाच सचोटीचा मार्ग आहे. त्यातून शायरालाही दोन पैसे मिळतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लाउडस्पीकरला मनाई आहे आणि इतर वेळी परवानगी लागते, हेही गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगावे.

गिऱ्हाइकाचा आवाज ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कोणाचेही मुद्रण त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला देऊ नये. मजुरी किती, दुरुस्त्या किती वेळा आणि काम कधी मिळेल, हे आधीच सांगावे. मजुरी ठरवताना फक्त मुद्रणाचा अर्धा तास धरू नये. काटछाट, साफसफाई आणि दुरुस्तीचे तासही मोजावेत. अनेकजण हे तास मोजत नाहीत आणि काम भरपूर असूनही महिनाअखेरीस हात रिकामा राहतो.

ज्या पिंजारी, सुतार आणि शिंपी बांधवांच्या हाताला रेडिमेड मालामुळे काम कमी झाले आहे, त्यांनीही या चौकटींचा विचार करावा. रेकॉर्डिंगवाले, शिकवणीचे वर्ग, ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, घुमणाऱ्या सभागृहांचे मालक या सर्वांना त्यांची गरज पडू शकते. एक नमुना चौकट करून गिऱ्हाइकासमोर टाळी वाजवून दाखवावी. मालाची पारख गिऱ्हाईक स्वतःच्या कानांनी करील.